जुन्या जेट्टीच्या जागी नवी जेट्टी: कोकण किनाऱ्यावर निधी कसा उभा करावा

कोकणातल्या बहुतेक बंदरगावांत एक अर्ज वर्षानुवर्षे फिरत असतो. पालकमंत्र्यांच्या दौऱ्यात तो हातात दिला जातो, त्यावर ‘तपासून सादर करावे’ असा शेरा पडतो आणि पुढच्या दौऱ्यात त्याचीच छायाप्रत नव्या तारखेने पुन्हा दिली जाते. अर्जात मागणी एका ओळीची असते: गावची जेट्टी जीर्ण झाली असून नवीन जेट्टी मंजूर व्हावी. अशा अर्जातून क्वचितच काही निष्पन्न होते, आणि त्याचे कारण निधीचा तुटवडा एवढेच नसते. सरकारी पैसा लेखाशीर्षांमध्ये, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या ठरावीक शीर्षकांखाली, वाटलेला असतो, आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली हात घालायचा हे दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते: धक्का कोणाच्या मालकीचा आहे, आणि तो कशासाठी वापरला जातो. ही दोन उत्तरे कागदोपत्री पक्की केल्याशिवाय पुढे गेलेला प्रस्ताव कोणत्या ना कोणत्या टेबलावरून परत येतोच. ग्रामपंचायत, मच्छीमार सहकारी संस्था, लाँचमालकांच्या संघटना आणि गावाचे काम अंगावर घेणारे नागरिक यांना हा प्रवास कोणत्या क्रमाने करावा लागतो, ते येथे मांडले आहे.

पहिले काम: मालकी शोधणे

हे काम रटाळ आहे, पण टाळता येत नाही. महाराष्ट्रातील ४८ लहान बंदरे १९९६ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाच्या, म्हणजे मेरीटाईम बोर्डाच्या, अखत्यारीत येतात. तथापि बंदराच्या हद्दीत उभा असलेला प्रत्येक धक्का मंडळानेच बांधलेला असतो असे नाही. काही जेट्ट्या सार्वजनिक बांधकाम विभागाने किंवा पत्तन विभागाने बांधल्या, काही मत्स्यव्यवसाय विभागाच्या पैशातून झाल्या, काही जिल्हा परिषदेच्या आहेत, तर काहींची नोंद कोणत्याच मालमत्ता नोंदवहीत सापडत नाही. मुंबईत चित्र आणखी वेगळे आहे. भाऊचा धक्का आणि ससून डॉक ही ठिकाणे मुंबई बंदर प्राधिकरणाची, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतील मोठ्या बंदराची आहेत, त्यामुळे तेथील कामाची नस्ती, म्हणजे फाईल, मुळातच निराळ्या वाटेने जाते.

त्यासाठी प्रादेशिक बंदर अधिकाऱ्यांचे कार्यालय, बांधकाम विभागाचे उपविभागीय कार्यालय आणि सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्याकडे एकाच मजकुराचे लेखी पत्र देऊन ‘सदर जेट्टी आपल्या मालमत्ता नोंदवहीत आहे काय’ एवढेच विचारावे. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात तोच प्रश्न विचारता येतो. धक्का बांधणारे खाते आणि बंदराचा ताबा असणारे खाते वेगवेगळे निघाले, तर हस्तांतरणाचे पत्र किंवा निदान ना-हरकत आधी मिळवावी. निधी मंजूर झाल्यावर हा प्रश्न निघाला की काम थांबते आणि आर्थिक वर्ष हातचे जाते.

दुसरे काम: वापराची नोंद

निधीची पिशवी वापरावरून ठरते, म्हणून वापर मोजून दाखवावा लागतो. प्रवासी लाँच असेल तर बंदर निरीक्षकाच्या कार्यालयात प्रवासीसंख्येच्या नोंदी असतात, त्या वर्षनिहाय मागवाव्यात. मासळी उतरत असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाची उत्पादनाची आकडेवारी आणि संस्थेच्या डिझेल कोट्याचे कागद उपयोगी पडतात, कारण डिझेलवरून किती नौका प्रत्यक्ष चालू आहेत हे कळते. सरकारी नोंदींत न येणारा वापर गावाने स्वतः मोजावा: खाडीपलीकडे शाळेला जाणारी मुले, रुग्ण, बाजाराच्या दिवशी येणारा माल, गणपतीला आणि शिमग्याला होणारी गर्दी. एक साधा आठवडा, एक सुट्टीचा आठवडा आणि एक सणाचा आठवडा अशा तीन नोंदी असल्या तर सरासरीही कळते आणि गर्दीचा कमाल भारही. आराखडा करणाऱ्याला त्यातला दुसरा आकडा अधिक लागतो.

खाडीवरून जाण्याने वाचणारे रस्त्याचे अंतरही येथेच मांडावे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सेवा (प्रवाशांबरोबर वाहनेही नेणारी बोट) २०२० मध्ये सुरू झाली, तिच्या बाजूचा सर्वांत मोठा युक्तिवाद हाच होता की समुद्रमार्गे सुमारे २० किलोमीटर असणारे अंतर रस्त्याने शंभरहून अधिक किलोमीटर भरते. लहान खाडीवरच्या होडीसेवेसाठीही हाच हिशेब करता येतो, आणि वित्त विभागातील अधिकाऱ्याला भावनिक निवेदनापेक्षा तो लवकर पटतो.

तिसरे काम: संरचनात्मक तपासणी

‘जीर्ण’ या शब्दाला शासकीय टिप्पणीत वजन नसते, चाचणीच्या आकड्याला असते. ओहोटीच्या वेळी होडी धक्क्याखाली नेऊन एखाद्या खांबाकडे नीट पाहावे. खाली कालवे चिकटलेली असतात आणि ती एका ठरावीक रेघेपर्यंत येऊन थांबतात. नुकसान बहुधा त्या रेघेच्या वरच्या हातभर दोन हात पट्ट्यात, शिवाय तुळयांच्या आणि स्लॅबच्या तळाशी दिसते: तांबूस ओघळ, फुगलेले काँक्रीट, लांबलचक उभ्या भेगा आणि शेवटी उघडी पडलेली सळई. सतत पाण्याखाली राहणाऱ्या भागाला प्राणवायू कमी मिळतो, म्हणून तेथील सळई सावकाश गंजते. भरतीने भिजणाऱ्या आणि ओहोटीने सुकणाऱ्या पट्ट्यात मात्र क्षार, ओल आणि हवा ही तिन्ही एकत्र येतात. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापते आणि आतूनच काँक्रीट फोडते. त्यामुळे वरून डागडुजी केलेली, रंगवलेली जेट्टी धडधाकट दिसत असली तरी तिच्या पोटाखाली जाऊन पाहिल्याशिवाय तिच्याविषयी काही बोलू नये.

ही पाहणी छायाचित्रांसह केली तरी ती पुरावा ठरत नाही. मालकी असलेल्या खात्याने शासनमान्य तपासनिसाकडून किंवा अभियांत्रिकी संस्थेकडून तपासणी करून घ्यावी, असा आग्रह धरावा, आणि तिचा खर्च मंडळाच्या देखभाल निधीतून किंवा जिल्हा नियोजनातून मागावा. अहवालात काँक्रीटचे गाभे काढून केलेली ताकदीची चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी, सळईच्या खोलीवर क्लोराईडचे प्रमाण आणि अर्ध-घट विभवाची मोजणी (सळईचा विद्युतदाब मोजून गंजाचा अंदाज घेणारी चाचणी) असायला हवी. या शेवटच्या चाचणीत, तांबे-मोरचूद विद्युतघटाच्या तुलनेत, उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही अधिक ऋण वाचन आले तर तेथे गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरली जाते. असे वाचन किती खांबांवर आले, याचा तक्ता प्रस्तावाच्या पहिल्या पानांत यावा. तपासनिसाने भारमर्यादा घालण्याची किंवा वापर बंद करण्याची शिफारस केली, तर ती लपवू नये. काही गावे लाँच बंद होईल या भीतीने असा अहवाल दाबून ठेवतात; पण तातडीच्या निधीची मागणी नेमकी त्याच शिफारशीवर उभी राहते, आणि प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न तर त्याहून आधीचा आहे.

दुरुस्ती की नवे बांधकाम

हा प्रश्न मंत्रालयात हमखास विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर प्रस्तावातच द्यावे. खांबांभोवती आवरण घालून, सळया बदलून जेट्टीचे आयुष्य काही वर्षांनी वाढवता येते आणि कमी नुकसान असताना तेच शहाणपणाचे असते. नव्या बांधकामाची बाजू तीन गोष्टींवर टिकते: मुख्य भार घेणाऱ्या खांबांपैकी मोठा भाग निकामी झाला आहे, दुरुस्तीनंतरही आजच्या बोटींचा आकार आणि भार जेट्टी पेलू शकत नाही, किंवा गाळ साचल्यामुळे ओहोटीला बोट लागतच नाही. तिसरे कारण असेल तर जरा थांबून विचार करावा, कारण गाळ जागेचा असेल तर त्याच जागी कितीही मजबूत जेट्टी बांधली तरी प्रवाशांना चिखलातूनच उतरावे लागेल. अशा ठिकाणी पैसा जेट्टीवर घालायचा की गाळ काढण्यावर, हे पुण्याजवळच्या खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या संस्थेच्या अभ्यासावरून ठरवावे. ते काम अभिप्रायावर सोडू नये, मग तो अभिप्राय गावातल्या सर्वांत जुन्या तांडेलाचा, म्हणजे नौकेच्या नाखव्याचा, असला तरी. मात्र तांडेलाने सांगितलेली वाऱ्याची आणि करंटची दिशा अभ्यासकांच्या कानावर जरूर घालावी.

तरंगत्या जेट्टीचा पर्यायही याच टप्प्यावर तपासावा. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो आणि दक्षिणेकडे सिंधुदुर्गापर्यंत तो कमी होत जातो. पायऱ्यांच्या स्थिर धक्क्यावर ओहोटीला शेवाळलेल्या पायऱ्या उतरणे म्हाताऱ्यांना आणि गरोदर स्त्रियांना धोक्याचे असते, तर तरंगता धक्का पाण्याबरोबर वरखाली होतो. गोव्यात पणजीला मांडवी नदीत असे धक्के केंद्राच्या सागरमाला कार्यक्रमाच्या मदतीने बसवले गेले. पण उघड्या समुद्राच्या तोंडावर, लाटांच्या माऱ्यात, हा पर्याय नुसताच विकत घेऊन चालत नाही.

प्रकल्प अहवाल आणि अंदाजपत्रक

सविस्तर प्रकल्प अहवाल मालक खातेच करते. गावाने त्यात आपली मोजणी जाते की नाही हे पाहायचे असते. समुद्रतळाची मोजणी, किमान दोन-तीन ठिकाणी खोदून केलेली मृद तपासणी, लाटा आणि प्रवाह यांची माहिती, आणि आयएस ४६५१ या बंदरांच्या बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे केलेला आराखडा या गोष्टी त्यात असायलाच हव्यात. काँक्रीटच्या बाबतीत आयएस ४५६ मध्ये भरती-ओहोटीच्या पट्ट्यासाठी सर्वांत कडक श्रेणी आहे: किमान एम ४० दर्जा, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४० आणि सळईवर ७५ मिलिमीटर आवरण. खर्च आटोक्यात आणण्यासाठी या अटी ढिल्या केल्या तर पुन्हा याच लेखाची गरज पडेल.

अंदाजपत्रकातील चुका मात्र बहुधा बांधकामाबाहेरच्या बाबींत असतात. समजा बांधकामाचा खर्च ८ कोटी रुपये आला. त्यावर १८ टक्के दराने जीएसटीचे १ कोटी ४४ लाख होतात. उरलेले ५६ लाख तात्पुरत्या धक्क्याला, जुनी जेट्टी पाडून मलबा उचलायला, किनारा नियमन क्षेत्राचे नकाशे करायला, त्रयस्थ तपासणीला आणि अनपेक्षित खर्चाला धरले तर प्रकल्प १० कोटींचा होतो. केंद्राचा वाटा निम्मा असेल तर ५ कोटी केंद्राचे आणि ५ कोटी राज्याचे, असे गणित सभेत सांगितले जाते. प्रत्यक्षात केंद्र फक्त मान्य बाबींचा विचार करते. मान्य बाबी ९ कोटींच्या निघाल्या तर केंद्राकडून साडेचार कोटी येतील आणि राज्याला साडेपाच कोटी उभे करावे लागतील. हा अर्धा कोटी कोठून येणार, हे आधीच लिहून ठेवलेले नसेल तर काम पोचरस्त्यापाशी अडते. पोचरस्ता हाच असा भाग आहे की ज्याची आठवण सर्वांत शेवटी होते.

निधीच्या पिशव्या

प्रवासी जेट्टीसाठी पहिला विचार सागरमाला कार्यक्रमाचा करावा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१५ मध्ये मान्यता दिलेला हा कार्यक्रम बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्रालय चालवते. जेट्टीसाठी केंद्राची मदत साधारणपणे निम्म्या खर्चापर्यंत आणि कामाच्या प्रकारानुसार ठरलेल्या कमाल मर्यादेत मिळते, उरलेला वाटा राज्याने घालायचा असतो. ग्रामपंचायतीला येथे थेट अर्ज करता येत नाही. प्रस्ताव सागरी मंडळामार्फतच जातो, म्हणून गावाची खरी लढाई मंडळाच्या प्राधान्ययादीत वर येण्याची असते. मालकी, वापर आणि तपासणी यांचे कागद तयार असणारे गाव या यादीत आपोआप वर सरकते, कारण अधिकाऱ्याला तयार नस्ती पुढे पाठवणे सोपे असते.

मासळी उतरवण्याच्या धक्क्यासाठी वाट निराळी आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मासळी उतरवण्याची केंद्रे आणि मत्स्यबंदरे येतात आणि शासकीय कामांचा खर्च केंद्र व राज्य यांनी ६०:४० या प्रमाणात वाटून घ्यायचा असतो. त्याखेरीज २०१८-१९ मध्ये ७,५२२ कोटी ४८ लाख रुपयांचा मत्स्यव्यवसाय व जलसंवर्धन पायाभूत सुविधा निधी उभा राहिला. तो अनुदानाचा नाही, सवलतीच्या कर्जाचा आहे: प्रकल्प खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज, वर्षाला ३ टक्क्यांपर्यंत व्याजसवलत, आणि मुद्दल न फेडण्याच्या पहिल्या दोन वर्षांसह १२ वर्षांची परतफेड. राज्य सरकारांना हे कर्ज नाबार्डमार्फत आणि सहकारी संस्थांना राष्ट्रीय सहकार विकास निगममार्फत मिळते. दोन्ही योजनांची मुदत ठरावीक असते व ती वेळोवेळी वाढवली गेली आहे, त्यामुळे प्रस्ताव पाठवण्याच्या दिवशीची स्थिती मत्स्यव्यवसाय कार्यालयातून लेखी घ्यावी.

सहकारी संस्थेने स्वतः हे कर्ज घेण्याचा विचार केला तर आधी कागदावर हिशेब करावा. १० कोटींच्या कामाला ८ कोटी कर्ज आणि २ कोटी स्वतःचे. दोन वर्षांनंतर दहा वर्षांत मुद्दल फेडायचे म्हणजे वर्षाला ८० लाख, आणि व्याजदर सवलतीनंतर ५ टक्के धरला तरी पहिल्या वर्षाचे व्याज ४० लाख. वर्षाला सव्वा कोटीच्या घरात जाणारा हा हप्ता नुसत्या धक्का शुल्कातून निघणे कोकणातल्या मध्यम बंदरात अवघड आहे. बर्फ कारखाना, डिझेल पंप, लिलावगृहाचे भाडे यांची जोड असेल तरच ही वाट धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पिशवी नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधीची. १९९५-९६ पासून चालू असलेल्या या निधीतून राज्य सरकारला कर्ज मिळते आणि जेट्ट्यांची कामे त्यात बसतात. फेड राज्याच्या तिजोरीतून होत असल्याने गावावर बोजा येत नाही, पण कामांची निवड राज्य करते. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा लहान जेट्टीला, तपासणीला किंवा तात्पुरत्या सोयीला पुरतो. त्याची मागणी जिल्हा नियोजन समितीपुढे जाण्याआधी संबंधित खात्याच्या आराखड्यात यावी लागते. खासदाराला वर्षाला मिळणारे ५ कोटी संपूर्ण मतदारसंघासाठी असतात, तेव्हा त्यातून जेट्टी मागण्यापेक्षा निवारा शेड, दिवे आणि स्वच्छतागृह मागावे, ते मिळण्याची शक्यता बरीच अधिक असते.

एकाच धक्क्यावर प्रवासीही उतरतात आणि मासळीही, असे बहुतेक गावांत असते. तेथे एकच काम दोन योजनांतून मंजूर करून घेण्याचा मोह टाळावा, कारण एकाच बाबीवर दोनदा मदत घेतल्याचा आक्षेप लेखापरीक्षणात निघतो. प्रवासी भाग आणि मासळी उतरवण्याचा भाग नकाशावरच वेगळा दाखवून दोन अंदाजपत्रके करणे हा सरळ मार्ग आहे.

परवानग्या निधीबरोबरच

‘पैसे आले की परवानग्या घेऊ’ हे धोरण महागात पडते. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार भरती-ओहोटीच्या रेषांचे १:४००० प्रमाणातील नकाशे अधिकृत संस्थेकडून करून घ्यावे लागतात आणि प्रस्ताव महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापुढे जातो. जुन्या जागेवरच बांधायचे आहे म्हणून परवानगी लागणार नाही, असे कोणी तोंडी सांगितले तर ते लेखी मागावे. कांदळवन बाधित होत असेल तर प्रश्न आणखी नाजूक होतो. २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाची तोड रोखली असून सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची परवानगी लागते. पोचरस्ता दहा-वीस मीटर सरकवून कांदळवन टाळता येत असेल तर तो आराखड्यातच सरकवावा. वाचलेला वेळ वर्षांत मोजावा लागेल.

मच्छीमारांची संमती ही स्वतंत्र बाब आहे. ग्रामसभेचा ठराव पुरेसा नसतो. ज्यांची जाळी आणि होड्या त्या जागेत असतात त्या संस्थांचा ठराव हवा. बांधकामाच्या काळात होड्या कोठे लागतील, हे त्या ठरावात जागेच्या नावानिशी लिहावे.

अर्थसंकल्पात नाव, आणि नावापुढे रक्कम

प्रशासकीय मान्यतेचा शासन निर्णय निघाला की गावात फटाके वाजतात आणि कोनशिलाही बसते. परंतु मान्यता म्हणजे पैसा नव्हे. अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत त्या कामापुढे रक्कम असावी लागते, आणि ती केवळ एक हजार रुपयांची टोकन तरतूद असेल तर कंत्राटदाराचे पहिले देयकही भागत नाही. त्यामुळे मार्चच्या अधिवेशनापूर्वी, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासूनच, खात्याच्या मागणीत कामाचे नाव आणि पहिल्या वर्षाला लागणारी खरी रक्कम आहे का, हे आमदारांमार्फत तपासावे. ती संधी हुकली तर पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनातील पुरवणी मागण्या आहेत. केंद्राचा पुढचा हप्ता आधीचा पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या, म्हणजे उपयोगिता, प्रमाणपत्रावर अवलंबून असतो, आणि ते प्रमाणपत्र वेळेवर जाते की नाही याकडे गावाचे लक्ष क्वचितच असते. दर तिमाहीला एक पत्र लिहून त्याची विचारणा करण्यात काहीही चूक नाही.

निविदा आणि कामाचा हंगाम

किनाऱ्यावर समुद्रातील काम ऑक्टोबर ते मे एवढेच होते. निविदा जानेवारीत उघडली आणि कार्यादेश मार्चमध्ये निघाला तर यंत्रसामग्री येईपर्यंत पाऊस येतो आणि पहिले वर्ष कागदावरच जाते. ३१ मार्चला न खर्चलेली तरतूद व्यपगत, म्हणजे रद्द, होण्याचा धोका त्यातच असतो. निविदेची प्रक्रिया पावसाळ्यात पूर्ण होऊन सप्टेंबरअखेर कार्यादेश हातात पडेल, असे मागे मोजत वेळापत्रक बसवावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तो काळ खांबांच्या कामाला नसला तरी किनाऱ्यावरील शेड, वाहनतळ आणि पोचरस्ता यांना उपयोगी पडतो.

जुनी जेट्टी पाडण्याची बाब निविदेत स्वतंत्र असावी. खांब समुद्रतळाच्या पातळीपर्यंत कापून मलबा बाहेर काढला पाहिजे, अन्यथा ओहोटीला तेच बुंधे होड्यांच्या तळाला लागतात.

देखभालीचा पैसा

नव्या जेट्टीला केंद्र आणि राज्य पैसे देतात, तिचे रबरी फेंडर (बोटीचा धक्का झेलणारे रबर) बदलायला कोणी देत नाही. त्यामुळे हस्तांतरणाच्या करारातच प्रवासी शुल्कातील किंवा धक्का शुल्कातील ठरावीक हिस्सा त्याच जेट्टीच्या देखभालीसाठी वेगळ्या खात्यात जाईल, असे लिहून घ्यावे. दोषदायित्वाचा, म्हणजे दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याचा, कालावधी संपण्यापूर्वी एका मोठ्या ओहोटीला पुन्हा होडी खाली नेऊन प्रत्येक खांबाची छायाचित्रांसह पाहणी करावी आणि सापडलेल्या भेगा त्या मुदतीत लेखी कळवाव्यात, कारण मुदतीनंतर त्या दुरुस्त करण्याचा खर्च मंडळावर येतो. प्रत्यक्ष झालेल्या बांधकामाचे नकाशे, खांबनिहाय खोली आणि काँक्रीटच्या चाचण्यांचे अहवाल यांची एक प्रत बंदर निरीक्षकाच्या कार्यालयात आणि एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी.